रिंकॉन ओंदोचा गुळगुळीत बुरूज

आदेलाइदा मोंतोया जिवंत आहे तोवर रिंकॉन ओंदोत आलेल्या पाहुण्याच्या नजरेला एकही भेगाळलेली भिंत पडणार नाही, असं आदेलाइदा स्वतःच सांगायची. सांगताना दोन्ही हात कमरेवर ठेवायची, म्हणजे समोरच्याने वाद घालू नये.

आणि वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. न्यू मेक्सिकोच्या डोंगरांच्या कुशीतलं ते एवढंसं गाव. तेव्हा तिथे चाळीस घरं होती, चाळीसही मातीच्या विटांची. विटा पाडायच्या, भिंती उभारायच्या, वर वासे टाकायचे ही पुरुषांची कामं. लिंपण मात्र बायकांचं. मे महिन्यात सान इसिद्रोची जत्रा यायची, त्याआधी गावभरच्या बायका गव्हाची काडं घालून माती तुडवायच्या आणि घरंच्या घरं हातांनी लिंपून काढायच्या. त्यातही आदेलाइदाचा हात असा, की तिने लिंपलेल्या भिंतीवर बसलेली माशी घसरते म्हणत. एकदा खरोखरच घसरली होती, असं तिची कोमाद्रे पेत्रोनिला शपथेवर सांगायची. पेत्रोनिला ही आदेलाइदाच्या थोरल्या मुलीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना जन्मभर ‘कोमाद्रे’च म्हणत आल्या. दोघींची मैत्री तीस वर्षांची होती आणि लिंपणातली चुरसही तेवढ्याच वर्षांची. ती माशी आपल्या भिंतीवरून घसरली नाही, याचं पेत्रोनिलाला आतून दुःख होतं.

तर त्रेपन्न सालच्या मार्चमध्ये गावात रस्तेवाले आले. गावाच्या अंगाखांद्यावरून वळत जाणारा जुना रस्ता त्यांना सरळ करायचा होता. तीन पायांच्या दुर्बिणीतून त्यांनी दिवसभर इकडे तिकडे पाहिलं आणि लाल फडकी बांधलेल्या खुंट्या ठोकून ते निघून गेले. एक खुंटी आदेलाइदाच्या मेंढवाड्यात, एक घेवड्याच्या वाफ्यात आणि तिसरी बरोबर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. त्यांच्यातल्या एकाने टोपी काढून अदबीने सांगितलं, की फक्त स्वयंपाकघर जाईल, बाकीचं घर राहील. आदेलाइदाने त्याला विचारलं, की स्वयंपाकघर वगळलं तर घरात बाकीचं काय असतं. त्याने टोपी परत घातली.

ती अठरा वर्षांची नवरी होऊन त्या स्वयंपाकघरात आली होती. गावात थंडी अशी पडायची, की घरात ऊब असणारी खोली तेवढी एकच. त्यामुळे तिची सहाही मुलं तिथेच, चुलीच्या कोपऱ्यात जन्मली. सासू तिथेच गेली. चुलीचा धूर पहिली दहा वर्षं तिच्याच डोळ्यांत जायचा. भांडून भांडून आता कुठे तिचं आणि त्या चुलीचं जमलं होतं. आणि आता तिथून ट्रक जाणार.

“असं कसं जातील ट्रक?” तिचा चुलतभाऊ क्लेओफास म्हणाला. “मी आहे ना.”

क्लेओफास गावचा पोस्टमास्तर होता आणि त्याला सगळे कायदे माहीत होते, निदान कायद्यांची पहिली पानं तरी. त्याने शोधून काढलं, की राज्याच्या स्मारक समितीने एखाद्या जागेला ऐतिहासिक म्हणून पाटी लावली, की तिच्या आसपास दोनशे फुटांत नवा रस्ता नेता येत नाही. आणि आदेलाइदाच्या स्वयंपाकघरापासून चाळीस पावलांवर तर बुरूज उभा होता! कुठल्याशा जुन्या काळी धाड आली, की सगळं गाव मेंढरांसकट त्या गोल बुरजात शिरायचं आणि दार लावून घ्यायचं. एवढं ऐतिहासिक गावात दुसरं काही नव्हतं. क्लेओफासने राजधानीला एकामागून एक अकरा पत्रं लिहिली. स्वतःच लिहायची, स्वतःच शिक्का मारायचा, स्वतःच थैलीत टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी थैली आली, की उत्तर आलं का म्हणून स्वतःच स्वतःला विचारायचं. अखेर उत्तर आलं. समितीचे मिस्टर प्रुएट सात मेला, गुरुवारी अकरा वाजता बुरूज बघायला येत होते.

जुन्या नोंदी आणायला क्लेओफास तीन दिवसांसाठी जिल्ह्याच्या गावी निघाला. ट्रकमध्ये चढता चढता त्याने आदेलाइदाला बजावलं, “बुरजाला काही करू नकोस हं. आहे तसाच साहेबांना दाखवायचाय.”

आता हे वाक्य आदेलाइदाने आयुष्यात कमी वेळा ऐकलं होतं का? ‘आम्ही येतोय, पण जेवणाचं काही करू नका,’ असं सगळेच म्हणतात. म्हणून काय पाहुण्यांना उपाशी ठेवायचं? क्लेओफासची रीत म्हणून तो बोलला, आता आपली रीत म्हणून आपण करायचं, असं तिच्या मनाने सरळ घेतलं. तिने खिडकीतून बुरजाकडे पाहिलं. पोपडे निघालेले, माथ्यावर गवत, मधेच पोट सुटलेलं, भेगांमध्ये पाकोळ्यांची घरटी. राजधानीचा माणूस येणार आणि आपण त्याला हे ध्यान दाखवणार? म्हाताऱ्याला पाहुण्यांपुढे आणून बसवायचं, तर आधी त्याची दाढी करतात की नाही?

सोमवारी पहाटे तिने सात बायका गोळा केल्या.

ते काम ज्यांनी पाहिलं, त्यांना ते मरेपर्यंत विसरता आलं नाही. पाकोळ्यांची पिल्लं पेत्रोनिलाने टोपलीत घालून स्वतःच्या ओसरीत नेऊन ठेवली. माथ्यावरचं गवत उपटलं. सुटलेल्या पोटाच्या वर-खाली माती भरून बुरूज असा सरळ केला, की म्हाताऱ्याने श्वास आत ओढून धरलाय असं वाटावं. मग लिंपणाचा एक हात, तो वाळला की दुसरा. शेवटी आदेलाइदाने ठेवणीतली पिवळी माती काढली. तिच्या बापाने ती डोंगरातून आणलेली होती आणि तिच्यात अभ्रकाची चमक होती. जत्रेत वेदीच्या भिंतीला लावायची ती माती तिने बुरजाला लावली आणि ओल्या मेंढीच्या कातड्याने भिंत घासून घासून अशी केली, की पेत्रोनिलाने तीत बघून डोक्यावरचा रुमाल सारखा केला. बुधवारी संध्याकाळी दाराला निळा रंग लागला. दाराच्या दोन्ही बाजूंना कॉफीच्या डब्यांत लाल जिरेनियम आली. सूर्य मावळताना बुरूज नव्या तांब्याच्या हंड्यासारखा झळकायला लागला, आणि आठही जणी चिखलाचे हात आपापल्या एप्रनांना पुसत बघत उभ्या राहिल्या. इतकं सुंदर काही त्यांनी मिळून कधी केलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी आठ वाजता क्लेओफास काखेत नोंदींचं बाड घेऊन ट्रकमधून उतरला. बुरूज दिसताच तो जागच्या जागी ट्रकच्या पायरीवर बसला. ट्रकवाला म्हणाला, मला पुढे जायचंय. क्लेओफास म्हणाला, जा. ट्रक गेला आणि क्लेओफास तसाच रस्त्यात बसला.

“काय केलंस हे, आदेला?”

“आवडलं?” आदेलाइदा म्हणाली. “खांदे दुखून आलेत बघ.”

मग त्याने तिला समजावलं. त्या लोकांना जुनंच हवं असतं. जितकं पडकं तितकं चांगलं. भेगा बघायला ते शंभर मैल मोटार हाकत येतात. आदेलाइदाने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. शहाणा माणूस घाणेरड्या भिंतीपुढे पाटी कशाला लावील? ‘ही बघा, आमची घाणेरडी भिंत’ असं लिहायला? पण क्लेओफासने जेव्हा पत्र उघडून दाखवलं आणि ‘मूळ व जीर्ण अवस्थेत’ हे शब्द बोट ठेवून वाचले, तेव्हा तिचं लक्ष उंबऱ्याजवळच्या लाल फडक्याकडे गेलं. पाटी नाही, तर स्वयंपाकघर नाही. आणि पाटी तिने स्वतःच्या हातांनी लिंपून टाकली होती, तीन थरांखाली.

साहेबाला यायला तीन तास होते. तीन तासांत बुरूज दोनशे वर्षांचा करायचा होता.

आधी क्लेओफासने पाण्याच्या बादल्या मारल्या. चांगल्या लिंपणावरून पाणी कसं ओघळतं, ते त्या दिवशी गावाने पाहिलं. बदकाच्या पाठीवरून ओघळावं तसं खाली आलं, सगळं क्लेओफासच्या बुटांत. उलट राहिलीसाहिली धूळ धुऊन निघाली आणि बुरूज आणखी लखलखला. मग तो दाताळं घेऊन खरवडायला निघाला, तर पेत्रोनिला झाडू घेऊन आडवी आली. उत्तरेकडची बाजू तिची होती.

“माझ्या बाजूला हात लावलास तर मी एक पत्र टाकणार नाही, टपाल तुझं तूच वाचत बस. खरवडायचं तर कोमाद्रेची बाजू खरवड. नाहीतरी तिथे जरा फुगवटा आलाय.”

“फुगवटा?” आदेलाइदा म्हणाली.

त्या एका शब्दावर पाऊण तास गेला. आठही बायकांनी आपापली बाजू धरून ठेवली होती. प्रत्येकीचं म्हणणं एकच होतं, की गावासाठी त्याग करायला आपण एका पायावर तयार आहोत, पण पलीकडची बाजू मुळातच खराब झालीय, तर सुरुवात तिथून का नको? शेवटी दोघी-तिघींमध्ये तीस वर्षांपूर्वीच्या भिंतीही निघाल्या, ज्या मधल्या काळात पडूनही गेल्या होत्या.

दहा वाजले. क्लेओफासला शेवटची युक्ती सुचली ती धुराची. बुरजाच्या पायाशी ओलं गवत पेटवायचं, म्हणजे भिंत काळवंडेल आणि म्हातारी दिसेल. त्याने गवत पेटवलं. धूर उठला, चांगला दाट, पिवळा, डोंगराएवढा. तो चर्चच्या घंटेवाल्याने पाहिला, आणि बुरजाला आग लागली म्हणून त्याने घंटा ठोकायला सुरुवात केली. शेतांतून पुरुष धावत आले. कालव्यापासून बुरजापर्यंत माणसांची रांग लागली आणि हातोहात बादल्या येऊ लागल्या. क्लेओफास ओरडत होता, विझवू नका, विझवू नका. पण आगीच्या वेळी पोस्टमास्तरचं कोण ऐकतो? विझवून झाल्यावर त्यांनी काजळी तशीच ठेवली असती तरी चाललं असतं. पण ही माणसं आदेलाइदाच्या गावची होती. काजळी बघून त्यांनाच लाज वाटली. त्यांनी आपापल्या सदऱ्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत पुसून काढली.

त्याच वेळी मिस्टर प्रुएट यांची करडी मोटार येऊन उभी राहिली.

हा उंच, वाळका, चष्म्याचा माणूस पूर्वेकडून आलेला होता, आणि पडक्या वस्तूंवर त्याचं मनापासून प्रेम होतं. मोटारीतून उतरून त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, की गावाने पाण्याची टाकी मोठी छान बांधलीय, पण बुरूज कुठे आहे. क्लेओफासने बाड उघडलं. नोंदी दाखवल्या, सह्या दाखवल्या, एका पाद्र्याने सांडलेल्या मेणाचा डाग दाखवला. प्रुएटसाहेबांनी सगळं नीट पाहिलं. मग पुढे होऊन बुरजाला एक बोट लावलं आणि ते क्लेओफासच्या नाकापुढे धरलं. बोटावर माती होती.

“पोस्टमास्तर, दोनशे वर्षं झाली म्हणता. मग अजून वाळली का नाही?”

साहेबांनी वही मिटली. त्यांना फार वाईट वाटतं, पण या नव्या इमारतीला पाटी देता येणार नाही, असं ते हळू आवाजात म्हणाले. आदेलाइदा बाजूलाच उभी होती. तिला नीट ऐकू आलं. बादल्यांतलं पाणी ठिबकत होतं.

पण पाहुणा उपाशी जाणार म्हणजे काय? घर पडो नाहीतर राहो. “जेवून जा, साहेब,” ती म्हणाली, आणि तिने ज्या स्वरात म्हटलं, त्या स्वराला नाही म्हणणारा माणूस त्या खोऱ्यात जन्मला नव्हता. प्रुएटसाहेब निमूट स्वयंपाकघरात जाऊन बसले. उंबऱ्याजवळची खुंटी ओलांडताना तेही क्षणभर थबकले, पण ती कशाची ते त्यांना माहीत नव्हतं.

चुलीवर हिरव्या मिरचीचा रस्सा होता, डुकराचं मांस घातलेला, बरोबर गरम तोर्तिया. तिखट आहे का, असं साहेबांनी विचारलं. आदेलाइदाने खरं तेच सांगितलं, की गेल्या सालच्या मिरच्या आहेत, लहान मुलंसुद्धा खातात. फक्त ती मुलं कोणाची, हे तिने सांगितलं नाही. साहेबांनी सभ्यपणे तीन चमचे खाल्ले. पहिल्या चमच्याला ते हसले. दुसऱ्याला त्यांचा चष्मा धुरकट झाला. तिसऱ्यानंतर त्यांनी रुमाल तोंडाला लावला, माफ करा असं काहीतरी पुटपुटले आणि जे दार आधी दिसलं, त्या मागच्या दारातून बाहेर धावले. मागच्या दाराने कधी, कधीही, कुठला पाहुणा गेला नव्हता. कारण मागे ते खुराडं होतं.

त्याबद्दल आता सांगायलाच हवं. लग्नानंतर दहा-बारा वर्षांनी, म्हणजे एकतीस साली, आदेलाइदाच्या नवऱ्याने, सेवेरियानोने, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून धान्याची कोठी बांधायला घेतली होती. सेवेरियानो स्वभावाने सोन्यासारखा माणूस, पण कुठलंही काम त्याने एका दमात पुरं केल्याचं कोणाला आठवत नाही. विटा मोजून पाडल्या होत्या, त्या कमी पडल्या. मग एक भिंत ठेंगणी राहिली. ओळंबा सापडला नाही, म्हणून नजरेने अंदाज घेतला, आणि त्या दिवशी मेव्हण्याचं लग्न होतं, त्यामुळे नजरही जरा कललेली होती. खिडकी बसवायची राहिली, तिच्या जागी चार भोकं तशीच ठेवली. वासा अपुरा पडला, तिथे मोडक्या पलंगाचा नक्षीचा खूर लावला. धान्य ठेवण्यालायक ती कोठी कधी झालीच नाही, तेव्हा तिच्यात कोंबड्या राहायला गेल्या. बावीस वर्षं तो ‘येत्या शनिवारी’ ती दुरुस्त करणार होता. आणि आदेलाइदाने पण केला होता, की तो सुरुवात करीपर्यंत आपण तिला हात लावायचा नाही. नवरा-बायकोच्या या हट्टात कोठीची अशी दशा झाली, की कोंबड्यासुद्धा वारा सुटला की बाहेर येऊन उभ्या राहत.

आदेलाइदा पाण्याचा तांब्या घेऊन मागे धावली. प्रुएटसाहेब खुराड्याच्या भिंतीला दोन्ही तळवे टेकून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मिरचीचंच. पण ते वर बघत होते.

“देवा,” ते म्हणाले. “हे इथे होतं तर!”

मागोमाग क्लेओफास आला. पेत्रोनिला आली. सेवेरियानो दुपारच्या झोपेतून उठून आला. साहेबांनी भिंतीचा कल वहीत उतरवून घेतला; शतकांच्या ओझ्याने इमारती नेमक्या अशाच झुकतात, म्हणाले. चार भोकांतून त्यांनी एकामागून एक डोळा लावून पाहिलं. बंदुका रोखायची जागा, आणि चारही वेगवेगळ्या उंचीवर, म्हणजे उभ्याने, बसून, गुडघ्यावर, पालथं पडून! पलंगाच्या खुरावरची नक्षी बघताना तर त्यांनी टोपी काढली. एक कोंबडी त्यांच्या बुटावर चढली, तिलाही त्यांनी हलवलं नाही.

“साहेब,” सेवेरियानो डोळे चोळत म्हणाला, “मला वाटतं, एकतीस साली—”

क्लेओफासने त्याच्या पायावर पाय दिला आणि तो तिथेच ठेवला.

“सतराशे एकतीस!” साहेब म्हणाले आणि लिहून घेतलं.

मग ते आदेलाइदाकडे वळले. घर तिचं, सांगायचं तिने. डोळे पुसत त्यांनी विचारलं, की या भिंतीबद्दल तिला काय माहिती आहे, आणि या मूळ कामाला नंतर कोणी हात लावला आहे का.

आदेलाइदा खोटं बोलणारी बाई नव्हती. दर शनिवारी पाद्र्यापुढे गुडघे टेकून आठवड्याचा हिशोब सांगणारी बाई होती ती. समोर गावातली सगळ्यात लाजिरवाणी भिंत. ती तिच्या घराची. मागे पेत्रोनिला, जी हे सगळं उद्या नळावर सांगणार. आणि स्वयंपाकघराच्या पलीकडे ते लाल फडकं. तिने मान ताठ केली.

“साहेब, शपथेवर सांगते,” ती म्हणाली. “माझ्या सबंध संसारात ही भिंत दुरुस्त करताना मी कोणालाही पाहिलेलं नाही.”

पेत्रोनिलाने तोंडाला एप्रनचं टोक लावलं. सेवेरियानो खाली बघायला लागला. हे वाक्य बावीस वर्षांत त्याने निराळ्या स्वरात पुष्कळदा ऐकलेलं होतं.

काम झालं. साहेबांनी मोटारीतून छापील नियमांचा कागद आणला, चार खिळ्यांनी खुराड्याच्या दारावर ठोकला आणि समितीत आपला शब्द अखेरचा असतो, असं क्लेओफासला सांगून टाकलं. आदेलाइदाने त्यांना बडीशेपेची बिस्किटं बांधून दिली. ती तिखट नाहीत याची खात्री करून घेऊन ते गेले. पुढच्याच आठवड्यात रस्तेवाले येऊन तिन्ही खुंट्या उपटून घेऊन गेले. रस्ता नदीच्या अंगाने वळला. स्वयंपाकघर वाचलं. बायका नाचल्या. क्लेओफास म्हणाला, मी म्हणत नव्हतो, मी आहे ना?

जत्रा दोन दिवसांवर होती. त्या वर्षी बुरजाच्या नादात आदेलाइदाच्या स्वतःच्या घराचं लिंपण राहून गेलं होतं. तिने सकाळीच माती कालवायला घेतली. पहिला गोळा हातात घेऊन ती भिंतीशी आली, तर सेवेरियानो तिथे खुर्ची टाकून बसलेला, हातात दारावरून उपटलेला तो छापील कागद. क्लेओफासने नियमांचं पहिलं पान वाचलं होतं. सेवेरियानोने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी शेवटपर्यंत वाचलं होतं.

“नियम सातवा,” तो म्हणाला. “स्मारकाला आणि त्याला जोडून असलेल्या कुठल्याही भिंतीला लिंपण, डागडुजी किंवा रंग करता येणार नाही. कोणालाही. कधीही.” मग त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. “सरकारचा हुकूम आहे बाई. माझा नाइलाज आहे. नाहीतर या शनिवारी मी सुरुवात करणारच होतो.”

खुराडं स्वयंपाकघराला जोडलेलं होतं, स्वयंपाकघर घराला. आदेलाइदाने हातातल्या गोळ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. तो गोळा तिने कशाला मारला, ते सांगत नाही. पण सेवेरियानोला सदरा बदलावा लागला.

सान इसिद्रोच्या दिवशी एकोणचाळीस घरं न्हाऊन निघाल्यासारखी दिसत होती. मिरवणूक चाळिसाव्या घरापुढून गेली, तेव्हा खालच्या गावच्या बायका कोपरखळ्या मारत होत्या. आदेलाइदाबाई थकल्या वाटतं. पेत्रोनिलाने त्यांना मोठ्या आवाजात सुनावलं, की कोमाद्रेचं घर ऐतिहासिक आहे, आपल्यासारखं साधं नाही. बाजू घेतली हे खरं. पण ती घेताना तिचा चेहरा इतका समाधानी दिसायला नको होता.

पाटी ऑगस्टमध्ये लागली. प्रवासी मोटारी थांबवू लागले, खुराड्याचे फोटो काढू लागले, आणि मग स्वयंपाकघराच्या भिंतीपुढे उभे राहून म्हणू लागले, की किती सुंदर भेग आहे. लिंपणाविना काढलेल्या पहिल्याच पावसाळ्यात पडलेली ही भेग खिडकीपासून जमिनीपर्यंत गेली होती, तीन बोटं रुंद. आत चुलीशी बसून आदेलाइदा ते सगळं ऐकायची आणि तिचे हात शिवशिवायचे. तिने माळ ओढून पाहिली. कणीक तिंबून पाहिली. एवढी तिंबली की शेजारच्या चार घरांना तोर्तिया पुरल्या. काही उपयोग झाला नाही. शेवटी एका दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना, तिने बोटभर माती घेतली. एकच बोट. भेगेच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे कोणी बघत नाही, तिथे हळूच लावली आणि अंगठ्याने सारखी केली. त्या दुपारी तिला महिन्याभरात पहिल्यांदा झोप लागली. दुसऱ्या दुपारी तिला वाटलं, आणखी एक बोट लावलं तर काय बिघडतं?

पुढच्या मे महिन्यात प्रुएटसाहेब पाहणीला आले. फूटपट्टी लावून त्यांनी भेग मोजली, वही उघडली, परत मोजली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजली. मग ते दगडावर बसले. पंचवीस वर्षं ते पडक्या भिंती बघत आले होते. भिंती खचतात, वाकतात, पडतात. पण भेग लहान होत गेल्याची नोंद जगात कुठेच नव्हती. वर्षाला एक बोट, या हिशोबाने तर... आता दर महिन्याला येऊन हे नीट अभ्यासावं लागेल, म्हणाले. दर महिन्याला, पहिल्या गुरुवारी, जमल्यास जेवायच्या आत.

“तुम्ही इथे राहता, आदेलाइदाबाई,” ते अगदी श्रद्धेने म्हणाले. “तुम्हीच सांगा. हे होतंय तरी कसं?”

आदेलाइदाने नखांतली माती दिसू नये म्हणून दोन्ही हात एप्रनखाली घेतले.

“भिंत म्हणजे जुनं माणूसच, साहेब,” ती म्हणाली. “कोणी हात लावत नाही म्हटल्यावर स्वतःचं स्वतःलाच बघावं लागतं.”